पुस्तक देणाऱ्याचा पगार

15 ऑक्टोबर जवळ आला की मला शाळांचे फोन येऊ लागतात. 2015 पासून डॉ. कलामांचा जन्मदिवस आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशी प्रत्येक शाळेला एक पाहुणा लागतो. लिहिणारा म्हणून गावात नाव असलं की पाहुणा व्हायला तेवढं पुरतं. "फार नाही सर, पुस्तकांनी तुम्हाला कसं घडवलं, एवढंच पंधरा मिनिटं सांगा."

अशाच एका शाळेत बोलून झाल्यावर मुलांना पुस्तकं वाटली. व्हरांड्यात रांगेने बसून सगळ्यांनी ती उघडली, फोटो निघाले, कुणीतरी व्हिडिओही केला. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी फोटो संपला तरी वाचतच होती. घंटा झाली, पुस्तकं गोळा करायला सुरुवात झाली, तसं तिने घाईघाईने पानाचा कोपरा मुडपला. बाईंनी पुस्तक घेतलं, कोपरा सरळ केला, मोजणी केली, एक कमी भरली म्हणून पुन्हा केली, आणि सगळी थप्पी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये गेली. मला चहा आला.

बाईंना मी दोष देत नाही. का देत नाही ते पुढे सांगतो. पण परतीच्या एसटीत माझंच पंधरा मिनिटांचं भाषण मला टोचायला लागलं. 'पुस्तकांनी मला घडवलं' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की त्यात कोण गाळलं जातंय, हे कधी पाहिलंच नव्हतं. त्या वाक्यात पुस्तक आपल्या पायांनी चालत येतं, दार वाजवतं आणि माणसाला घडवून जातं. असं कधी होत नाही. पुस्तक कुणीतरी आणून हातात ठेवतं. त्या ठेवणाऱ्याची आपण आजवर काय व्यवस्था लावली, याबद्दल हा लेख आहे.

पुस्तकाने आयुष्य बदलल्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण घेऊ. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सगळं बिऱ्हाड. एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणारा भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, पेशाने शिक्षक, शिवाजी महाराजांचं मोठं मराठी चरित्र लिहिणारे. रोज एकटा बसून वाचणारा मुलगा त्यांना दिसला. त्यांनी त्याची विचारपूस केली आणि स्वतःजवळची पुस्तकं त्याला द्यायला सुरुवात केली.

पुढचा प्रसंग खुद्द बाबासाहेबांनी सांगितला आहे. 'द बुद्धा अँड हिज धम्म' साठी 1956 साली त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात तो आहे. मुलगा परीक्षा पास झाला म्हणून समाजातल्या लोकांनी सत्काराची सभा घ्यायचं ठरवलं. वडिलांनी, रामजींनी, साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झालाय, असं त्यांचं म्हणणं. लोक हटले नाहीत. ते केळुसकरांकडे गेले, केळुसकरांनी रामजींची समजूत घातली, सभा झाली, अध्यक्षही तेच झाले. सभेच्या शेवटी त्यांनी मुलाला स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. (चरित्रकार हा सत्कार 1907 च्या मॅट्रिकचा सांगतात, बाबासाहेब प्रस्तावनेत इंग्रजी चौथी म्हणतात. मला हा फरक आवडतो. पन्नास वर्षांनी परीक्षा कुठली होती हे पुसट झालं, पुस्तक कुणी दिलं हे झालं नाही.) आपण बुद्धाकडे वळलो ते दादा केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकामुळे, असं त्यांनी तिथे स्वच्छ नोंदवलं आहे. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात काय झालं, ते सर्वांना माहीत आहे.

आता या एका पुस्तकामागे किती माणसं उभी आहेत ते मोजा. एक बागेत नजर टाकणारा शिक्षक. वडिलांनी नाही म्हटल्यावरही घरी न जाणारे पाच-पंचवीस लोक. आणि आणखी एक माणूस, जो त्या सभेत नव्हता. केळुसकरांनी ते चरित्र बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलं होतं. म्हणजे पुस्तक लिहून व्हावं म्हणून पैसे मोजणारा राजा. पुढे त्याच महाराजांसमोर केळुसकरांनी भीमरावाला नेऊन उभं केलं आणि कॉलेजसाठी महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. लिहिणारा, लिहून घेणारा, शोधणारा, हट्ट धरणारा, हातात ठेवणारा. साखळीतली एक कडी निखळली असती तर ते पुस्तक कुठल्या तरी कपाटात उत्तम स्थितीत राहिलं असतं.

सयाजीरावांना हे कळलं होतं, असं त्यांच्या कारभारावरून दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. 1906 साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि लगेच त्यांच्यासमोर पुढचा प्रश्न आला: साक्षर झालेला माणूस वाचणार काय? 1910 साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल पगार देऊन बोलावला. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग निघाले, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. योजनेत पुस्तकांइतकंच लक्ष माणसांवर होतं. इमारतीआधी ग्रंथपाल आणला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आधी कोनशिला बसते.

माझ्या वाट्याला केळुसकर आले नाहीत. आले ते आमच्या तालुक्याच्या गावातले वाचनालयाचे काका. संध्याकाळी पाच ते आठ. सकाळी ते एका अडत दुकानात हिशेब लिहीत. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, आत कपाटं, बाहेर आडवं टेबल, टेबलाच्या पलीकडे सभासदाने जायचं नाही. डांबराच्या गोळ्यांचा आणि खळीचा वास. पुस्तकांना खाकी पुठ्ठा, त्यावर शाईने नंबर, शेवटच्या पानावर तारखांची पट्टी. आपण यादीतून नंबर सांगायचा, काका आत जाऊन पुस्तक आणायचे.

काकांची एक खोड होती. मी शिकारकथा मागितली की ते शिकारकथा आणत आणि त्यासोबत न मागितलेलं एक काहीतरी. "हे कार्डावर लिहीत नाही. बघ. नाही आवडलं तर उद्या आण." बहुतेक वेळा नाही आवडायचं. दहातलं एखादं चिकटायचं. पण त्या एकामुळे मी पुढच्या महिन्यात यादीच्या वेगळ्याच पानावर बोट ठेवायचो. वाचनाची सवय लागते म्हणतात ती मला अशी लागली. आपल्याला काय हवंय हे आपल्याला माहीत नसतं, आणि ते माहीत नसणं एका माणसाने गृहीत धरलेलं असतं.

काकांची आरती ओवाळायची नाही मला. देणारा माणूस हा अडवणाराही असतो. आईच्या कार्डावर पुस्तकं मीच आणायचो, आणि "आईसाठी" म्हटलं की काका न विचारता कौटुंबिक कादंबऱ्या काढायचे. सासू, सून, त्याग, शेवटी डोळ्यांत गंगा-यमुना. आई त्या वाचायची, कारण दुसरं यायचं नाही. एकदा तिने पिशवीत चिठ्ठी घातली: "हे बास. गाजलेल्या खटल्यांवरचं काही असेल तर द्यावे. खुनाचे असले तरी चालेल." काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठीच्या मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. मग आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यानंतर वर्षभर आमच्या घरात जेवताना साक्षीपुरावे आणि विषप्रयोग चालू असत. काकांनी तिची आवड ओळखली, पण चिठ्ठी आल्यावर. त्याआधी चार-पाच वर्षं त्यांनी तिला बायकांच्या कपाटात कोंडून ठेवलं होतं.

आणि हे तर किरकोळ. भीमरावाला शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून फारशी घ्यावी लागली. पुस्तकांच्या वाटेवर बसलेली माणसं जात बघून वाट सोडत, हा आपला इतिहास आहे. म्हणूनच टेबल आडवं नको, कपाटं उघडी हवीत, वाचकाला आत हिंडू द्यावं, असं मी म्हणतो. पण उघड्या कपाटांमधून हिंडतानाही कुणीतरी ओळखीचं तिथे असावं लागतं, ज्याला विचारता येईल आणि ज्याच्याशी भांडताही येईल. चिठ्ठी लिहायला पत्ता लागतो. मोबाइलवर वाचायला खूप मिळतं, तिथे लोक वाचतातही भरपूर, त्याबद्दल मी रडत नाही. पण तिथे काल जे पाहिलं त्याच्याच सातशे आवृत्त्या आज पुढे येतात. आईच्या कौटुंबिक कादंबऱ्या मोबाइलने आजन्म चालू ठेवल्या असत्या.

तर, त्या माणसाची व्यवस्था. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. मुंबई विद्यापीठ 1857 चं. विद्यापीठाआधी आपल्याकडे वाचनालयं होती. पुढे ठाण्याला 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, मुंबईत 1898 साली. यांतली बहुतेक लोकांनी वर्गण्या काढून उभी केली. देशातला पहिला ग्रंथालय कायदासुद्धा 1945 साली कोल्हापूर संस्थानात झाला. मराठी माणसाने या विषयात मागे असण्याचं काही कारण नव्हतं.

1967 साली राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासने 1948 मध्ये आणि म्हैसूरने 1965 मध्ये केलेल्या कायद्यांत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर घ्यायची सोय आहे. आपण ती ठेवली नाही. आपली रीत अशी: वाचनालय संस्थेने चालवायचं, सरकार अनुदान देणार. पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती, हे पाहून अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. आकडा ऐकून ऊर भरून येतो. पण यांतल्या तळाच्या, ड वर्गाच्या गावातल्या वाचनालयाचं वार्षिक अनुदान 2022-23 च्या वाढीनंतरही पन्नास हजारांच्या आतच होतं. त्यातूनच पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, झाडलोट. समजा, एकही पुस्तक घेतलं नाही, दिवाही लावला नाही आणि सगळे पैसे ग्रंथपालाला दिले, तरी महिन्याला चार हजारांच्या जेमतेम वर जातात. हे काल्पनिक कमाल वेतन. खरं त्याहून कमी, आणि हप्त्यांनी.

चार हजारांत तुम्हाला कपाट उघडणारा माणूस मिळतो. केळुसकर मिळत नाहीत. चुकून मिळालाच, तर तो सकाळी अडत दुकानात हिशेब लिहीत असतो.

यावर नेहमीचं उत्तर असं येतं की वाचणारा कुठेही वाचतो. आंबेडकर बागेत बसून वाचत होते, त्यांना कुठे वाचनालय होतं? हे उत्तर बहुधा स्वतःच्या घरात पुस्तकं असलेल्या माणसाकडून येतं. बागेतल्या मुलाला शिक्षक भेटणं हा योग होता. योगावर एखादा निघतो. बाकीच्या बाकांवर कोण बसलं होतं आणि त्यांच्याकडे कुणीच पाहिलं नाही, हे आपल्याला कधी कळणार नाही.

गेल्या काही वर्षांत वाचनालयांनी जगण्याचा एक मार्ग शोधला आहे: अभ्यासिका. कपाटं भिंतीकडे सरकवून टेबलं टाकायची, स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून महिन्याची फी घ्यायची. मुलं स्वतःची पुस्तकं आणतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात, आणि भिंतीकडच्या पुस्तकांना हात लावत नाहीत. मी यावर पूर्वी नाकं मुरडली आहेत. आता मुरडत नाही. एका खोलीच्या बिऱ्हाडात वाढणाऱ्या मुलाला पंखा, उजेड आणि शांतता मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. चर्नी रोडच्या बागेत तेवढंही नव्हतं. पण त्या तीस-चाळीस मुलांमधून फिरणारा, "हे बघ, परीक्षेला येणार नाही, पण वाच" म्हणणारा माणूस नेमायला फीच्या पैशातून काही उरत नाही. बाग आली, केळुसकर आले नाहीत.

भिलारला 2017 च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं. मी जाऊन आलो. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव, घराघरांतून मांडलेली पुस्तकं, ओट्यावर बसून वाचणारे पर्यटक. मला ते आवडलं, थट्टा करावीशी वाटली नाही. पण तिथे पुस्तक तिथेच बसून वाचायचं असतं. सहलीत वाचलेल्या वीस पानांचं एकविसावं पान कुठे मिळणार, हा प्रश्न मुंबईच्या माणसाला पडत नाही. तो घरी जाऊन मागवतो.

आता त्या शाळेतल्या बाई. शाळेत पुस्तक आलं की त्याची नोंद होते ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शब्दशः मेलेल्या साठ्याच्या वहीत. बाकं, घंटा, तराजू, नकाशे आणि पुस्तकं, सगळी एका वहीत. नाव इंग्रजी असलं तरी अर्थ मराठी शाळेत नेमका उतरला आहे. वर्षाअखेर तपासणीला वहीतला आकडा आणि कपाटातला आकडा जुळावा लागतो. न जुळल्यास ज्यांच्याकडे चार्ज, त्यांनी भरपाई करायची. फाटलेलं पुस्तक बाद करायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव, मंजुरी, पुन्हा प्रस्ताव. वाचून फाटलेलं पुस्तक आणि कसर लागून फाटलेलं पुस्तक, दोन्ही या वहीत सारखीच. पुस्तक घरी न दिल्याबद्दल आजवर कुणाला नोटीस मिळाली नाही; हरवल्याबद्दल मिळते. असल्या हिशेबात शहाणा माणूस काय करेल? कुलूप लावेल. बाईंनी तेच केलं. त्या मुलीने मुडपलेला कोपरा त्यांना वाचनाची खूण म्हणून दिसणं परवडणारं नव्हतं.

रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम 1931 साली मांडले. पहिलाच नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. ग्रंथपालाच्या परीक्षेत तो पाठ करून लिहितात आणि नोकरी लागली की डेडस्टॉक सांभाळतात.

मला विचाराल तर मोजणी बदला. कपाटात किती आहेत त्याऐवजी वर्षात किती घरी गेली, किती हातांतून फिरली, यावर वर्ग ठरवा आणि अनुदान द्या. शंभरातली काही पुस्तकं परत येणार नाहीत असं धरूनच चाला; किराणा दुकानदारसुद्धा उंदीर-घूस धरून भाव काढतो. आणि ग्रंथपालाचा पगार पुस्तकांच्या अनुदानापासून तोडून वेगळा, पूर्ण वेळचा करा. उपकर घ्यावा लागला तर घ्या, माझ्या घरपट्टीत लावा. पण तो पगारासाठीच आहे असं कायद्यात लिहा, नाहीतर त्याच्या कोनशिला होतील. इतकं करून मुलं वाचू लागतील याची हमी मी देत नाही. आज त्यांनी न वाचण्याची हमी मात्र आपण पक्की देऊन ठेवली आहे.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा वाचनालयात डोकावलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिथे एक ताई असतात. दुपारपर्यंत शिवणकाम, पाचला वाचनालय. आडवं टेबल तेच, पण भिंतीला लावलं आहे, त्यावर दिवाळी अंक. कपाटं उघडी. दोन पोरं आत फतकल मारून बसली होती.

"पुस्तकं घरी देता?" मी विचारलं.

"देते की."

"परत नाही आली तर?"

"येतात बहुतेक. नाही आलं तर मी जाते मागायला. तेवढ्यात त्यांच्या घरच्यांचीही ओळख होते."

अनुदानाचा हप्ता आला का, हेही विचारलं. "मार्चपर्यंत येईल म्हणतात," त्या म्हणाल्या आणि जुनी नोंदवही पुढे ओढून पानं उलटू लागल्या. माझं आडनाव त्यांनी मघाशीच विचारून घेतलं होतं. एका पानावर बोट थांबलं. काकांचं अक्षर मी ओळखलं.

"तुमच्या नावावर एक अजून बाकी दिसतंय. शिकारकथा आहे. आहे का घरी?"

आहे. पुण्याच्या घरात, वरच्या फळीवर, खाकी पुठ्ठ्यासकट.